एक शब्द वाचला

"दूध अर्धा लिटर कमी, एवढंच कळवायचंय ना?" श्यामसुंदर आठल्ये यांनी चष्मा नाकावर घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर संदेश लिहायला सुरुवात केली.

"एवढंच कशाला?" वासंतीबाई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या. "मी कुठे जाणार, का जाणार, सगळं नीट लिहा. नाहीतर लोक म्हणतील, या वयात भांडून माहेरी गेली."

श्यामसुंदररावांची सगळी नोकरी तारखात्यात झाली होती. समोरच्या माणसाचा मजकूर घ्यायचा आणि त्यातले फालतू शब्द काढून टाकायचे, यात त्यांचा हात धरणारा पुण्यात कोणी नव्हता. पुढे ते निवृत्त झाले, मग तारही बंद झाली, पण सवय काही बंद झाली नाही. लग्नाआधी वासंतीबाईंना बघून आल्यावर त्यांनी मुलीकडे 'पसंत' एवढीच तार केली होती. कोणाला कोण पसंत, याचा उलगडा व्हायला दोन्ही घरांना आठवडा लागला. लेकीला पहिली नोकरी लागली तेव्हाही बापाचा संदेश होता, 'अभिनंदन. डबा ने.'

आता ती लेक, शेफाली, व्हिएन्नाला नोकरी करत होती आणि तिला बघून तीन वर्षं झाली होती. मायलेकींचा एक नेम मात्र चुकला नव्हता. दर मे महिन्यात युरोपातल्या देशांची गाण्यांची ती अवाढव्य स्पर्धा सुरू झाली की दोघी फोन कानाला लावून, इकडे ही आणि तिकडे ती, सगळी गाणी एकत्र बघायच्या आणि गुण द्यायच्या. वासंतीबाईंना भाषा एकही कळत नसे. "पोरीचा आवाज चांगलाय, पण जेवत नाही वाटतं," असं म्हणून त्या दोन गुण कापत. यंदा स्पर्धा नेमकी व्हिएन्नातच होती, आणि शेफालीला दोन तिकिटं मिळाली होती. त्या दिवसापासून वासंतीबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. व्हिसा तेवढा यायचा होता.

श्यामसुंदररावांनी लिहिलं, 'वासंती पुढील महिन्यात व्हिएन्ना. आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा बघायला जाणार. दूध अर्धा लिटर कमी.' मग त्यांनी मजकूर पुन्हा वाचला. 'बघायला' त्यांना खटकलं. साठी उलटलेली बाई स्पर्धेला आणखी कशाला जाणार? त्यांनी तो शब्द काढला, 'स्पर्धा'चं 'स्पर्धेस' केलं, आणि एक शब्द वाचवल्याच्या समाधानात संदेश पाठवून दिला.

भेंडी परतून होईपर्यंत ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. फुलं, टाळ्या, तिरंगे. 'वहिनी, कधी बोलल्या नाहीत हो!' 'इतकी वर्षं एका जिन्याने चढलो-उतरलो, पण पत्ता लागू दिला नाहीत!' कोणी विचारलं, 'रियाज केव्हा करता? आमच्यापर्यंत कधी आवाज आला नाही.'

शेजारच्या नूरबानूंनी बेल वाजवली आणि दारातूनच फोन पुढे केला. त्यांच्या यजमानांचं रविवार पेठेत भांड्यांचं दुकान होतं, आणि गेली वीस वर्षं त्यांचा आणि वासंतीबाईंचा संध्याकाळचा चहा एकत्र होता.

"वासंती, तू गाणार आहेस?"

"मी? अगं, आरती म्हणताना मला मागे उभं करतात, तुला माहितीये ना!"

"मला माहितीये. म्हणूनच धावत आले."

वासंतीबाईंनी नवऱ्याचा संदेश वाचला आणि कपाळावर हात मारला. "अहो, 'बघायला' कुठे गेलं?"

"अध्याहृत आहे," श्यामसुंदरराव म्हणाले.

"ते अध्याहृत आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

श्यामसुंदररावांनी लगेच खुलासा पाठवला, 'वासंती गात नाही.' याहून स्वच्छ मराठी वाक्य असू शकत नाही असं त्यांचं मत होतं. ग्रुपवर लगेच काळजीचे संदेश सुरू झाले. घसा बसला का? ऐन वेळी? संध्याकाळपर्यंत आठल्यांच्या दाराशी ज्येष्ठमधाच्या कांड्या, मधाच्या बाटल्या, आल्याचा पाक आणि तीन वेगवेगळ्या घरचे काढे येऊन पडले. डी विंगमधल्या एकांनी तर 'आठवडाभर वहिनींशी कोणी बोलू नये' अशी सूचनाच ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेली माणसं वासंतीबाईंना नुसतेच हात जोडून पुढे जायला लागली.

तोवर बातमी जयसिंगदादांपर्यंत पोचली होती. सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती ती मुळात त्यांच्या आजोबांची. जयसिंगदादा गेल्या निवडणुकीत इच्छुक होते, येत्या निवडणुकीतही इच्छुक होते, आणि मधल्या काळात कोणाचा सत्कार राहून जाणार नाही याची जातीने काळजी घेत. तिसऱ्या दिवशी वारज्याच्या माळवाडी चौकात भलामोठा फ्लेक्स लागला.

'वारज्याची स्वरकन्या सौ. वासंतीताई आठल्ये यांची व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांची रांग. मध्यभागी वासंतीबाई. फोटो सोसायटीच्या कोजागिरीचा होता. हातातला मसाला दुधाचा ग्लास पुसून तिथे माइक चिकटवला होता. ओठांवरची दुधाची मिशी मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती.

वासंतीबाई भाजी आणायला गेल्या आणि रिकाम्या पिशवीने परत आल्या. "अहो, मला मिशी आहे! चौकात! बारा फुटी!"

दोघं तडक जयसिंगदादांच्या ऑफिसात गेली.

"दादा, तो फ्लेक्स उतरवा," वासंतीबाई म्हणाल्या. "माझी निवडबिवड झालेली नाही. त्या स्पर्धेत भारत नसतोच मुळी."

जयसिंगदादा खुर्चीतून उठलेच. "भारत नसतो? म्हंजी आजवर कोणीच गेलं न्हाई?"

"नाही."

"आवो वहिनी, मंग तर तुमी पयल्याच! आन् ही गोष्ट एवढ्या हळू आवाजात सांगताय? ए, त्या फ्लेक्सवर 'भारतातील पहिल्या' असं वरनं चिकटवा रे!"

"दादा, गैरसमज आहे," श्यामसुंदरराव मध्ये पडले. "व्हिसासुद्धा आलेला नाही."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, एवढं बोलायची गरज नव्हती. पण शब्द गेला होता. जयसिंगदादांनी छातीला हात लावला. "व्हिसाचं टेन्शन घेऊ नका. ते आपल्याकडं लागलं. रविवारी हॉलमदी सत्कार हाय, तेवढं या."

रविवारी जायचं की नाही यावर घरात बराच खल झाला. शेवटी नूरबानूंनी निकाल दिला. "जा. माइक हातात घे आणि गा."

"काय?"

"एकदा ऐकू दे सगळ्यांना. मग कोणाला काही समजवायला लागणार नाही."

यात तथ्य होतं. वासंतीबाई गेल्या. शाल झाली, नारळ झाला, जयसिंगदादांचं भाषण झालं. मग वासंतीबाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी गायला नाही, फक्त बघायला चालले आहे. विश्वास बसत नसेल तर ऐका." आणि त्यांनी शाळेत पाठ केलेलं स्वागतगीत सुरू केलं. ते एका पट्टीत सुरू झालं, दुसरीत शिरलं, आणि तिसरीत जाताना माइकनेही शिट्टी वाजवली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. कोणाचंतरी बाळ रडायला लागलं. वासंतीबाईंनी मात्र तिन्ही कडवी मनापासून म्हटली. खरं सांगायचं तर शेवटच्या कडव्यात त्यांना मजासुद्धा यायला लागली होती. इतकी वर्षं मागच्या रांगेत उभं राहून ओठ हलवल्यावर पहिल्यांदाच त्यांचा आवाज कोणी ऐकत होतं.

गाणं संपलं. हॉलमध्ये कोणी हललं नाही. नूरबानूंनी समाधानाने मान डोलावली.

तेवढ्यात जयसिंगदादा उभे राहिले. "मंडळी, हे परदेशी पद्धतीचं गाणं हाय. आपल्याला येकदम न्हाई कळायचं. टाळ्या!"

टाळ्या अशा पडल्या की पंख्यावरचं कबुतर उडालं.

दोनच दिवसांनी दिल्लीहून, वकिलातीतून फोन आला. वासंतीबाईंनी हात पुसून घाईघाईने घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आपने टूरिस्ट वीज़ा माँगा है। लेकिन हमें सिफ़ारिश की चिट्ठी मिली है कि आप कॉम्पिटिशन में गाने वाली हैं। साथ में बैनर का फ़ोटो भी है।"

श्यामसुंदररावांनी डोळे मिटले. जयसिंगदादांनी व्हिसाचं टेन्शन खरोखरच आपल्याकडे घेतलं होतं.

"नहीं नहीं," वासंतीबाईंच्या तोंडून अस्सल पुणेरी हिंदी बाहेर पडली. "मैं गाती नहीं. मैं फक्त बघने को जा रही हूँ."

पलीकडून प्रश्न आला, "भागने को?"

"हां, बघने को! लड़की उधरीच है. उसके साथ बघेगी मैं!"

"लड़की के साथ भागेंगी?"

"हां!"

श्यामसुंदररावांनी फोन ओढून घेतला, पण तोवर पलीकडच्या बाईंचा आवाज बदलला होता. कलाकाराचा व्हिसा वेगळा असतो, तुम्ही गायिका नाही याचा काही पुरावा असेल तर आजच ईमेलने पाठवा, नाहीतर अर्ज नामंजूर होईल, असं बजावून त्यांनी फोन ठेवला.

वासंतीबाई खुर्चीत बसल्या. ओट्यावर शेफालीसाठी भाजलेलं थालीपिठाचं धान्य गार होत होतं. "तीन वर्षं झाली हो तिला बघून," त्या म्हणाल्या. श्यामसुंदररावांनी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे शब्द कमी पडले. एका शब्दाची काटकसर केली नसती तर ही वेळ आली नसती, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

"गायिका असल्याचं प्रमाणपत्र मिळतं," ते कसनुसे होऊन म्हणाले. "नसल्याचं कोण देणार?"

वासंतीबाईंनी डोळे पुसले. मग एकदम सरळ बसल्या. "नूरबानूने रविवारचा व्हिडिओ घेतलाय."

"अख्खा?"

"तिन्ही कडवी."

व्हिडिओ गेला. तासाभराने उत्तर आलं. श्यामसुंदररावांनी ते मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं, "व्हिडिओ पाहिला. शंका उरली नाही. व्हिसा मंजूर." आणि ते भारावून म्हणाले, "काय लिहिलंय! एक शब्द जास्त नाही!"

"शंका उरली नाही म्हणे!" वासंतीबाई उसळल्या. "दुसऱ्या कडव्यापर्यंत तरी ऐकलं का त्या बाईने?" पण बोलता बोलताच त्या रडायला लागल्या, हसायलाही लागल्या, आणि त्यांनी शेफालीला फोन लावला.

वासंतीबाई व्हिएन्नाला गेल्या. लेकीला मिठी मारली, लगेच "वाळलीस गं" म्हणाल्या, आणि प्रत्यक्ष हॉलमध्ये बसून सगळ्या देशांना गुण दिले. इकडे श्यामसुंदररावांनी गैरसमज कायमचा मिटवायचं ठरवलं. ते अर्धा दिवस खिडकीशी बसले आणि त्यांनी आयुष्यातला सर्वांत लांब संदेश लिहिला. 'आपणां सर्वांना कळविण्यात येते की, सौ. वासंती व्हिएन्ना येथील स्पर्धेत गायल्या नाहीत...' अशी सुरुवात करून, त्या गायला गेल्याच नव्हत्या, केवळ बघायला गेल्या होत्या, चूक सर्वस्वी आपली होती, लेक भेटली, ज्येष्ठमधाबद्दल आभार, असं सगळं त्यांनी सविस्तर मांडलं. एकही शब्द वाचवला नाही.

परतीच्या दिवशी ते विमानतळावर वासंतीबाईंना आणायला गेले. येताना गाडीत वासंतीबाई अखंड बोलत होत्या आणि ते अखंड ऐकत होते. माळवाडी चौकात सिग्नलला गाडी थांबली, तशा वासंतीबाई बोलायच्या थांबल्या.

समोर नवा फ्लेक्स होता. फोटो तोच, माइक तोच, मिशी तीच. 'भारताच्या स्वरकन्या सौ. वासंतीताई आठल्ये यांना व्हिएन्ना येथे गाऊ न दिल्याबद्दल जाहीर निषेध!'

"अहो, काय लिहिलं होतंत तुम्ही?"

"सगळं लिहिलं होतं," श्यामसुंदरराव क्षीण आवाजात म्हणाले. "बहुतेक पहिल्या ओळीच्या खाली कोणी गेलंच नाही."

वासंतीबाई फ्लेक्सकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी फोन काढून फ्लेक्सचा फोटो लेकीला पाठवला.

सिग्नल सुटला. श्यामसुंदरराव खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत ते म्हणाले, "घर फार शांत होतं. पुढच्या वर्षी स्पर्धेस मीही येतो."

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"बघायला ना?" त्यांनी विचारलं.