एका स्क्रूचाही फरक न करता

खारबावच्या केसरीनाथने ओटीवर उभं राहून जाहीर केलं, की त्याची लाल स्पोर्ट्स बाईक एका स्क्रूचाही फरक न करता पुन्हा रस्त्यावर येईल आणि तिला अडवणारा अजून जन्माला यायचाय. बोलण्याच्या भरात त्याने गाडीच्या हँडलवर थाप मारली. हँडलवर वाळत घातलेले बोंबील खाली पडले.

"आदी ते उचला," त्याची बायको पार्वती आतून म्हणाली. "अडवनाऱ्याचं मंग बगू."

घोषणेमागे कारण होतं. पार्वतीचा मोठा भाऊ चांगदेव कोन गावाहून मुलीच्या हळदीचं आमंत्रण द्यायला आला होता. चहा पिता पिता त्याचं गाडीकडे लक्ष गेलं आणि तो म्हणाला, "भावोजी, हिला भंगारात का न्हाय देत? किलोवर घेतात."

केसरीनाथला कोणी म्हातारा म्हटलं, तर तो ऐकून घेत असे. पण गाडीला? तरुणपणी याच गाडीवर कल्याण रोडने तो असा जात असे, की लोकांना आधी धूर दिसायचा आणि मग कळायचं कोण गेलं.

"हळदीला हिच्यावरच येतो," तो म्हणाला. "लांबून बगूनच सगला मांडव बोलेल, आली केसरीनाथची गाडी."

"तसं झालं तर मी सोता हिला हार घालीन," चांगदेव म्हणाला. "टेम्पोत टाकून आनलीत, तर तिथूनच भंगारात."

"कबूल."

गाडी धामणकर नाक्यावर रामू मिस्त्रीकडे गेली. रामू हा भिवंडीतला सर्वात भित्रा मेकॅनिक. लोकांच्या मोटारसायकली दुरुस्त करून तो स्वतः शेअर रिक्षाने घरी जात असे.

"शेठ, ब्रेकचं तेल गुळाच्या पाकासारखं झालंय," तो म्हणाला. "टायरला भेगा. टाकीत जंग इतना है, की पेट्रोल चहासारखं दिसतंय."

टायर, ब्रेक, चेन, केबली सगळं नवं बसलं. "याला बदल नाय म्हणत," केसरीनाथने बजावलं, "हा औषधोपचार." मग तो ट्रायलला निघाला.

रेसच्या गाडीचं हँडल खाली असतं. पूर्वी केसरीनाथचं पोटही आत असे. आता तो हँडलपर्यंत वाकला, तेव्हा त्याला पुढचं चाक सोडून जगातलं काहीही दिसेना. त्याने गाडी सरळ नेली, पण रस्ता डावीकडे वळला. रामूने त्याला कापडाच्या गाठोड्यांतून बाहेर काढलं.

केसरीनाथ कोणापुढे नमला नाही. उंच हँडल त्याने स्वतःच्या मर्जीने बसवून घेतलं. सिग्नलला गाडी उभी असतानाच तो आडवा झाला, म्हणून पायांपुढे लोखंडी लेगगार्ड आलं, तेही त्याच्याच मर्जीने.

मग पार्वती बोलली. "भावाकडं हलद. मी रिक्शात धक्के खात जानार, आनि तुमी एकटे इमानात?"

"ही रेसची गाडी हाय. हिच्यावर बायको बसत न्हाय."

"मंग जेवन पन रेसवाल्याकडंच करा."

एक रात्र केसरीनाथ ताठ राहिला. सकाळी त्याने रामूला मागे लांब सीट, साडीगार्ड आणि हाताने धरायची दांडी लावायला सांगितली. आपल्याला ही कल्पना केव्हाच सुचली होती, असंही सांगितलं.

"शेठ, मागे वजन कम है," ब्रेक तपासून रामू म्हणाला. "जोरात दाबला की चाक घसरणार. सीटखाली लोखंडी स्टँड लावून दोन्ही बाजूला वजन टांगा."

वजन पार्वतीने दिलं. हळदीच्या जेवणातल्या वड्यांसाठी भिजवलेल्या पिठाचे दोन उंच अॅल्युमिनियमचे कॅन तिने स्टँडला अडकवले. सीटवर खोबऱ्याचं पोतं बांधलं. मग तिलाच बसायला जागा उरली नाही, म्हणून ती रिक्षाने गेली.

"आता एकदम सेफ," रामू समाधानाने म्हणाला आणि त्याने केसरीनाथच्या डोक्यावर तोंड झाकणारं हेल्मेट चढवलं.

आणि गाडी धावली! कंटेनरांच्या रांगांमधून, खड्ड्यांमधून, हलत नाही, डुलत नाही, ब्रेक असा की मुंगीपुढेही थांबावं. पार्वतीची रिक्षा नाक्यावरच अडकली. केसरीनाथ हेल्मेटच्या आत गात होता. अडवा म्हणावं आता कोणाला अडवायचंय ते.

कोनला मांडवाच्या तोंडाशी चांगदेव खरोखरच झेंडूचा हार घेऊन उभा होता. सगळे पाहुणे रस्त्याकडे बघत होते. केसरीनाथने ऐटीत गाडी त्याच्या पायाशी आणून थांबवली आणि मान पुढे केली.

चांगदेव त्याच्या खांद्यावरून लांब रस्त्याकडे बघत म्हणाला, "जरा बाजूला घे रे. आमचे भावोजी रेसच्या गाडीवरून येनार हायेत."

केसरीनाथ हेल्मेटचा पट्टा सोडवू लागला. पण रामूने तोही सेफ बसवला होता. तेवढ्यात चांगदेवाची थोरली बहीण आक्का चुलीकडून पातेलं घेऊन तरातरा आली. सकाळपासून तिच्या चहाचं नुसतं आधण उकळत होतं. तिने कॅनवर टकटक करून पातेलं पुढे धरलं.

"ही काय येल झाली यायची? दोन लिटर घाल. आनि कालच्यासारखं पातल नको."