पाहुणी बाथरूममध्ये आहे

"आमचं बाथरूम रिकामं नाहीये, म्हणून तुमच्याकडे अंघोळीला आलो," सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावरच्या घड्याळजींच्या दारात उभे राहून म्हणाले. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी.

"कोण आहे आत?"

"पाहुणी."

"मग निघेल की बाहेर! माणूस बसून बसून बसेल किती वेळ?"

"काल दुपारपासून बसलीय," सेक्रेटरी म्हणाले. "आणि माणूस नाही. कुत्री आहे."

सेक्रेटरींना कुत्र्यांची आवड होती असं कुणी म्हटलं तर ती शुद्ध थाप ठरेल. त्यांना आवड होती ती नियमांची, सूचनाफलकाची आणि सभेच्या इतिवृत्ताची. पण लेक प्राण्यांना सोडवून आणणाऱ्या संस्थेत कामाला, आणि लेकीपुढे भल्याभल्यांचे नियम गुंडाळून ठेवले जातात. पिल्लं विकणाऱ्या एका माणसाच्या पत्र्याच्या शेडमधून संस्थेने बत्तीस कुत्र्या सोडवल्या होत्या. त्यातली ही एक. पाच वर्षं तारेच्या पिंजऱ्यात. पिल्लं द्यायची, ती कुणीतरी उचलून न्यायची, की पुन्हा पुढची. बिचारीला पायाखाली जमीन असते हेसुद्धा ठाऊक नव्हतं. घरातल्या फरशीवर ती एकेक पाय उचलून उभी राहिली, तापल्या तव्यावर ठेवल्यासारखी. मग समोर बाथरूमचं दार उघडं दिसलं आणि वॉशिंग मशीनच्या मागच्या वीतभर फटीत ती जी शिरली ती शिरली.

"पंधरा दिवस फक्त, बाबा," लेक म्हणाली होती. "पंधराव्या दिवशी रविवार आहे. मी येऊन बघणार. तोवर ती बाहेर येऊन माणसांत बसली, तर तिला कायमचं घर शोधता येईल. नाही बसली, तर परत केंद्रात."

"केंद्रात म्हणजे?"

"पिंजरा, दुसरं काय? स्वच्छ असतो, पण पिंजराच."

जाता जाता तिने नियमही सांगितले. पाहुणीकडे बघायचं नाही. हात लावायचा नाही. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि एका सुरात, न थांबता काहीतरी वाचत राहायचं, म्हणजे माणसाच्या आवाजाची सवय होते. नियम म्हटल्यावर सेक्रेटरींचे कान टवकारले. कुत्रं नको होतं, पण नियम पाळायचे म्हणजे पाळायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र वाचलं. चौथ्या ओळीला त्यांचा पारा चढला, सहाव्या ओळीला आवाज, आणि मशीनमागे थरथर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बायकोची कादंबरी घेतली. तिसऱ्या पानावर नायिकेची आई वारली आणि सेक्रेटरींचाच आवाज चिरकला.

"अहो, तुमचं ते इतिवृत्त वाचा," बायको म्हणाली. "त्याने आजवर कुणाच्याच भावना हलल्या नाहीत."

तीर लागला. अठरा वर्षांची इतिवृत्तं कपाटात ओळीने लावलेली होती. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. टाकीच्या झाकणाबाबत साधकबाधक चर्चा झाली. निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब." सभेत हे वाचताना अर्धी सोसायटी पेंगायची आणि उरलेली अर्धी चहा कधी येतो ते बघायची. इथे मात्र चौथ्या दिवशी मशीनमागची धाप कमी झाली. सहाव्या दिवशी एक काळं नाक बाहेर आलं. नवव्या दिवशी पाणी पिण्याचा आवाज आला, तोही सेक्रेटरी खोलीत असताना. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्या रात्री जेवताना ते दोनदा म्हणाले, "आज लिफ्टवरची अख्खी चर्चा ऐकली तिने. अख्खी!"

बायकोने मान हलवली. नवऱ्याचं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकलंय, असं तिलाही पहिल्यांदाच दिसत होतं.

दरम्यान अंघोळी सोसायटीभर चालल्या होत्या. सेक्रेटरी घड्याळजींकडे, बायको दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंकडे. चौदाव्या दिवशी पाहुणी सरकत सरकत बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच अडली. आणि त्याच दिवशी इतिवृत्तं संपली.

"मग पहिल्यापासून वाचा की," बायको म्हणाली. "तिला काय कळतंय?"

"तिला कळत नसेल, मला कळतं ना!" सेक्रेटरी म्हणाले. "इतकं मन लावून ऐकणाऱ्याला शिळं वाचून दाखवायचं? ही शुद्ध फसवणूक आहे."

म्हणून रविवारी सकाळी आठ वाजता त्यांनी तक्रारींची फाइल काढली. ही फाइल आजवर कुणाला दिसली नव्हती. तक्रार कुणी केली हे सेक्रेटरींच्या पोटातून कधी बाहेर पडलं नव्हतं, त्याबद्दल त्यांचा लौकिक होता. पण पाहुणी कुणाला सांगणार होती? ते उंबऱ्याशी पाठ करून बसले आणि वाचू लागले. आता, बाथरूमला झरोका होता, झरोका डक्टमध्ये उघडत होता आणि त्याच डक्टमध्ये साऱ्या मजल्यांचे झरोके उघडत होते. हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं म्हणावं, तर 'डक्टमधून आवाज जातो, सबब बाथरूममध्ये गाऊ नये' अशी सूचना त्यांच्याच सहीने जिन्यात लागलेली होती. पण लेक अकरा वाजता येणार होती, आणि काळजीत बुडालेल्या माणसाला स्वतःची सही आठवत नाही.

सव्वाआठला दारावरची बेल वाजली, आणि वाजतच राहिली. बायकोने दार उघडलं. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर अर्ध्या गालाला साबण फासून उभे होते. गाण्याच्या बाईंच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. घड्याळजी बनियनवर होते.

"कुठे आहेत सेक्रेटरी?" डॉक्टर कडाडले. "माझ्या दोरीवरच्या उड्यांची तक्रार या बाईंनी केली होती?"

"आणि माझं गाणं म्हणजे दाढ काढताना येतो तसा आवाज, असं तुम्ही लिहिलंत?" बाई किंचाळल्या.

सेक्रेटरी धावत बाहेर आले, दोन्ही हात जोडून. "हळू! पाया पडतो, हळू बोला."

"हळू काय हळू! अठरा वर्षांचा विश्वास..."

डॉक्टरांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. सेक्रेटरींच्या मागे फरशीवर नखं वाजत होती. टक. टक. वाचणारा उठून गेला म्हणून ऐकणारी त्याला शोधत निघाली होती. उंबरा मागे पडला होता.

"कुणी बघू नका," बायको कुजबुजली. "खाली बसा. भिंतीकडे तोंड करा."

तिच्या आवाजात असं काही होतं, की तिघेही मुकाट खाली बसले. सेक्रेटरीही बसले, बायकोही बसली. पण राग काही बसला नव्हता.

"तोंडावर सांगायचं होतं मला," डॉक्टर भिंतीला म्हणाले.

"तुम्ही कुठे मला तोंडावर सांगितलंत?" बाई भिंतीला म्हणाल्या.

"आवाज चढवू नका," सेक्रेटरी म्हणाले. "एका सुरात बोला. घाबरते ती."

एका सुरात भांडून बघा कधीतरी, महाकठीण काम आहे. दोन-तीन वाक्यांत भांडणातली हवाच निघून जाते.

"झुंबर हलतं हो माझं," बाई सपाट आवाजात म्हणाल्या.

"मग गच्चीवर मारत जाईन उड्या. तुम्ही पहाटेचा रियाज जरा खिडकी लावून करा."

"करीन. पण दाढ काढताना?"

"ते चुकलंच माझं."

"पुढची तक्रार माझी होती," घड्याळजी पुटपुटले. "'सेक्रेटरी फार वेळ वाचतात, यावर उपाय व्हावा.' ती वाचलीत का तुम्ही?"

"वाचली," सेक्रेटरी त्याच सुरात म्हणाले. "आवाज न बदलता वाचली."

पाहुणी खोलीच्या मध्यावर आली होती. ती गोल गोल फिरत होती, पिंजऱ्याएवढ्या लहान गोलात, कारण तेवढंच फिरणं तिला येत होतं. मग तो गोल हळूहळू मोठा झाला. एकदा डॉक्टरांच्या मागून, एकदा बाईंच्या मागून, एकदा टेबलाला वळसा घालून. सगळे श्वास रोखून ऐकत होते. मग नखं थांबली आणि सेक्रेटरींच्या पाठीला काहीतरी उबदार टेकलं. त्यात धडधड होती, आधी जोरात, मग संथ.

"काय करतेय गं?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

बायकोने कपाटाच्या आरशात चोरून पाहिलं. "झोपली."

सेक्रेटरींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुसायला हात हलवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ते वाहू दिलं.

अकरा वाजता लेक स्वतःकडच्या किल्लीने दार उघडून आत आली, तेव्हा पाच माणसं भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. एकाच्या गालावर साबण वाळून खडखडीत झाला होता. आणि बाबांच्या पाठीशी पाहुणी चारी पाय वर करून पसरली होती. लेकीने तोंडावर हात धरला.

"बाबा, जमवलंस तू," ती हळूच म्हणाली. "आता हिला पिंजरा नाही. आणि ऐक ना, स्थळही चालून आलंय. छान कुटुंब आहे, बंगला आहे, बाग आहे. फोन केला तर आज संध्याकाळी न्यायला येतील."

सेक्रेटरी भिंतीकडेच बघत म्हणाले,

"त्यांच्याकडे वाचतं का कुणी?"

"बाबा, दोघंही शिक्षक आहेत."

"शिक्षक म्हणजे आवाज चढवणार. बागेत फाटक असेल, ते उघडं राहत असेल. घाई कशाला? चार दिवस जाऊ देत. अजून तयार नाही झाली ती."

"घोरतेय ती, बाबा! याहून तयार कशी असतात? माझ्या लग्नात तरी इतक्या चौकश्या केल्या होत्यास का?"

"ती तयार आहे गं," बायको म्हणाली. "तुझे बाबा तयार नाहीयेत."

डॉक्टर, बाई आणि घड्याळजी तिघेही भिंत निरखून पाहत होते.

"मग त्या लोकांना सांगू तरी काय?" लेकीने विचारलं.

पाठीशी झोपलेलीची झोप मोडू नये म्हणून, अगदी एका सुरात सेक्रेटरी म्हणाले,

"सांग, मुलगी द्यायची नाही आम्हाला."