चाळीस कुरणांचा मालक

एका जंगलात, बाळांनो, फुटबॉल खेळायचे ते पपनसाने. पपनस फुटलं की सामना संपला. मग जिंकणाऱ्यांनी ते खायचं. (प्राणी हात धूत नसत. तुम्ही धुवा.)

त्या जंगलात झेप्या नावाचं भेकर राहायचं. भेकर म्हणजे छोटंसं हरीण. नदीकाठच्या संघाकडून झेप्या असा पळे, की वाघसुद्धा भूक विसरून बघत बसे. सामन्यामागे त्याला गवताची एक पेंडी मिळे. घरी पोचेपर्यंत तो ती संपवून टाकी.

एकदा झेप्या कुणाच्या तरी कुरणात उभा राहून पाठ खाजवत होता. वडावरच्या राघूने ते पाहिलं.

"झेप्याची अंदाजे संपत्ती, एक कुरण!" राघू ओरडला.

पलीकडच्या झाडावरच्या राघूला एक फारच कमी वाटलं. एवढा मोठा खेळाडू! त्याने दहा केली. जंगलाच्या टोकाला पोचेपर्यंत ती चाळीस झाली.

मग एका सामन्यात झेप्याचा गुडघा गेला. खेळ संपला. पेंडीही संपली.

पण त्या जंगलात एक चांगली पद्धत होती. उन्हाळ्यात सगळ्यांच्या गवतातून 'लंगड्याचा वाटा' काढत. ज्याला चरायला जाता येत नाही, त्याला तो मिळे. झेप्या लंगडत सरपंच गव्याकडे गेला.

"गवाकाका, माझा वाटा?"

"तुला? चाळीस कुरणं असताना? जरा लाज बाळग रे!"

"काका, शपथ घेतो, एकही नाही."

"बघा," गवा कौतुकाने म्हणाला, "एवढं असून पाय जमिनीवर आहेत पोराचे."

"तीनच आहेत, काका."

झेप्या राघूकडे गेला. "राघूभाऊ, तेवढा आकडा कमी करा हो. उपाशी मरेन मी."

"कमी आकडा ऐकायला कोण थांबतं? बरं, तुमच्या मते किती?"

"काहीच नाही."

"असू दे. तोही एक अंदाज."

झेप्या उपाशीच घरी आला. तर दारात एक सशीण उभी.

"सर, आमच्या सोनूला शिकवाल? अजून डोळे उघडले नाहीत त्याचे. पण लाथा फार छान मारतो. उशीर तर नाही ना झाला?"

तिने चाळीस कुरणांचं ऐकलं होतं. आईच ती. विचारून ठेवायला काय जातं?

झेप्या नाहीच म्हणणार होता. पण तिने फी म्हणून पेंडी आणली होती.

मग घुशीने पोरं पाठवली. साळिंदरीणही आली. (तिच्या पिल्लांमुळे पपनसं फार लागत.) झेप्या बसल्या जागी ओरडे आणि पिल्लं पळत. शिकवायचा मात्र मन लावून. पेंडी पेंडी साठवून त्याने एक छोटं कुरण घेतलं. खरंखुरं. त्या दिवशी तो पोटभर जेवून झोपला.

राघूने ते पाहिलं.

"चाळिसातलं एकच उरलं! झेप्या बुडाला!"

जंगल हळहळलं. सशिणीने त्याच दिवशी सोनूला काढून अस्वलाच्या गाण्याच्या क्लासला घातलं. आणि गवा स्वतः लंगड्याचा वाटा घेऊन दारात आला.

"घे बाळा," तो डोळे पुसत म्हणाला. "आता खरी गरज आहे तुला."

तात्पर्य: बाळांनो, कष्ट करून एक कुरण कधीही मिळवू नये. त्यात एकोणचाळीस कुरणांचं नुकसान होतं.

(अस्वलाच्या क्लासला जागा आहे का, ते मी नुसतं विचारून ठेवलंय.)