धामणीचा कागद

महिपतीला सापाचा राग नव्हता. त्याला राग होता सापाच्या कागदांचा.

नात ऋतुजा धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला होती. तिच्या साहेबांची लांब कुठं बदली झाली आणि जाताना ते आपला पाळलेला साप हिच्या हवाली करून गेले. विलायती अजगराची जात. लांबी अडीच हात, अंगावर पिवळी-तपकिरी ठिगळं, आणि स्वभाव असा की जरा खुट्ट झालं की डोकं पोटाखाली लपवून चेंडूसारखा गोल व्हायचा. सोबत काचेची पेटी, उबेचा दिवा आणि एका पिशवीत कागद. सापाचा जन्म, जात, मालक, सरकारी नोंद, सगळं त्यात.

सून अनितानं चष्मा लावून ते कागद वाचले आणि निकाल दिला, "कागद हायत म्हंजी काय भ्या नाय. राहू दे."

महिपतीच्या हातातला घास ताटात पडला. ह्याच अनितानं दोन वर्षांमागं घरची धामण हाकलली होती. अकरा वर्षं ती माळ्यावर राहत होती. कुणाला चावली नाही, कुणाच्या आड आली नाही. वर्षातनं एखादी कात वाशाला लोंबत ठेवायची, तेवढाच तिचा पसारा. त्या अकरा वर्षांत कणगीला एका उंदरानं तोंड लावलं नव्हतं. पण अनिता पेण शहरातली. "पोरंबाळं येतात-जातात, घरात साप सेफ नाय," असा तिनं धोशा लावला. शेवटी रोह्याचा सर्पमित्र प्रणित काठी आणि पिशवी घेऊन आला आणि धामण घेऊन गेला.

"तिच्याकडं कागद नव्हता म्हणून घालवलीस व्हय गो?" महिपतीनं विचारलं.

"आबा, ती जंगली होती."

"आणि ह्यो काय शाळेत जातो?"

महिपतीची बायको हौसा कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. तिनं काचेच्या पेटीला हळद-कुंकू लावलं आणि दुधाची वाटी ठेवली.

"आजी, साप दूध पीत नाय," ऋतुजा म्हणाली.

"नाय पीत तर बघू दे नुसतं. पाहुणा हाय."

त्यात ऋतुजानं सापाचं नाव ठेवलं सोन्या. हे महिपतीला झोंबलं. सोन्या त्याच्या बैलाचं नाव. चौदा वर्षं त्या बैलानं चिखलात नांगर ओढला होता. ह्यानं काय ओढलं होतं?

खरा भडका उडाला तो फ्रिजमुळं. थंड पाणी घ्यायला महिपतीनं वरचा कप्पा उघडला, तर डब्यात पांढरे उंदीर ओळीनं गोठून पडलेले. ऋतुजानं मुंबईहून मागवले होते.

"घरात उंदीर फुगड्या घालतायत," महिपती कडाडला, "आणि तुमी परगावचे उंदीर मागवता?"

"आबा, आपले उंदीर त्याला चालत नाय. त्याला सवय नाय त्यांची."

"का? आपल्या उंदरांत काय खोट हाय?"

ऋतुजानं डबा आत सारून फ्रिजचं दार लावलं. आणि महिपतीचं दुखणं नुसतं बोलण्याचं नव्हतं. भात कापून झालं होतं, पंधरा दिवसांत वाल पेरायचे होते. त्याच्याकडं बापाच्या हातचं बियाणं होतं. दाणा बारका, पण आमटीला अशी गोडी की मागून नेणारे परत मागायला यायचे. असलं बियाणं दुकानात मिळत नाही. गेल्या साली उंदरांनी त्यातलं निम्मं खाल्लं. यंदा कणगीत हात घातला की दाण्यापेक्षा टरफलंच जास्त लागत होती. हेही गेलं की बापाचा वाल संपला.

सोमवारी ऋतुजा आणि तिचा बाप गणेश पहिल्या शिफ्टला गेले, अनिता अंगणवाडीत गेली, हौसा ओढ्यावर धुणं घेऊन. महिपतीनं पेटीचं झाकण काढलं. साप हातात धरायचं त्याला काही वाटत नव्हतं. सोन्याला त्यानं वासरासारखं उचललं, कणगीत वालावर ठेवलं आणि वरनं सूप झाकलं.

"खातोस त्या घराला जाग," एवढंच तो म्हणाला.

गुरांना पेंढा टाकून तो तासाभरानं परत आला आणि सूप काढून आत डोकावला. सोन्या गोल होऊन, डोकं पोटाखाली घालून बसला होता. शेजारी एक थोराड उंदीर, एक कान फाटलेला, सावकाश वाल सोलत होता. सोन्याच्या शेपटीवर दातांच्या दोन खुणा होत्या आणि त्यांतनं रक्त येत होतं. उंदरानं महिपतीकडं पाहिलं. जेवताना कुणी परकं माणूस दारात आल्यावर बघावं, तसं. मग कणगीच्या बुडाशी त्यानंच पाडलेल्या भोकातनं तो निवांत निघून गेला.

महिपतीनं घड्याळ बघितलं. चारला पोरगी घरी येणार. तिला हे कळलं तर ती जन्मभर तोंडाकडं बघणार नव्हती. त्यानं सोन्याला टॉवेलात गुंडाळलं, कापडी पिशवीत घातलं आणि रोहा गाठलं. तिथला डॉक्टर म्हणाला, "मी गाई-म्हशी बघतो, बाबा. पेणला एक डॉक्टरीणबाई आहे, ती असली जनावरं बघते."

पेणची एसटी लागलेलीच होती. शेजारी सीताबाई नावाची मिठागरावरची बाई बसली. तिला वडखळला उतरायचं होतं आणि तोवर गप्प बसवत नव्हतं.

"काय नेतावं पिशवीत?"

"आजारी हाय. दवाखान्यात नेतोय."

"कोंबडी?"

"साप."

सीताबाई उठली. तिच्यामागनं पुढची रांग उठली. मग मागची. मिनिटभरात महिपतीच्या आजूबाजूला सहा जागा रिकाम्या झाल्या आणि कंडक्टर आला.

"आजोबा, विषारी आहे का?"

"नाय. गरीब हाय."

"असली जनावरं घरात ठेवतात?" सीताबाई लांबून म्हणाली. "पोरंबाळं असतात. रातचा सुटला म्हंजी? तुमाला म्हातारपणी काय सुचलं?"

हे सगळं अनितानं धामण घालवताना त्याला महिनाभर ऐकवलं होतं, ह्याच क्रमानं. पण आता ते परक्याच्या तोंडून आलं आणि त्याचं डोकं फिरलं.

"ओ बाई, त्यानं कुणाला चावलं नाय. त्यालाच उंदीर चावलाय."

 मग मागनं कुणीतरी म्हणालं, "उंदीर? सापाला?"

आणि नागोठण्यापासून वडखळपर्यंत अख्खी गाडी हसत होती. महिपती पिशवीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिला. हसणाऱ्यांचा त्याला फार राग आला. त्याहून जास्त त्या फाटक्या कानाच्या उंदराचा.

पेणला डॉक्टरीण दिपिका वयानं ऋतुजाएवढीच निघाली. तिनं वही काढली.

"नाव?"

"महिपती."

"पेशंटचं, आजोबा."

"सोन्या."

"वय?"

"त्याच्या कागदात लिवलंय. माझ्याबी कागदात एवढं नसंल."

तिनं जखम धुतली, औषध लावून पट्टी बांधली आणि सगळी हकीकत विचारली. महिपतीनं खरं ते सांगितलं. हसू आवरायला तिला मान फिरवावी लागली, पण मग ती गंभीर झाली.

"पाळलेले साप जिवंत उंदराला घाबरतात, आजोबा. जखम वाढली असती तर गेला असता. उंदरांचा काही बंदोबस्त नाही का घरात?"

"होता," महिपती म्हणाला. "सुनेनं घालवला."

डॉक्टरीणबाईनं औषधाची चिठ्ठी लिहिली, खाली आणखी दोन ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला.

तो घरी पोचला तेव्हा सहा वाजून गेले होते. ओटीवर निम्मी आळी जमलेली. रिकामी पेटी बघून ऋतुजानं रडून डोळे सुजवले होते. अनिता पाय वर घेऊन टेबलावर बसली होती. आतनं प्रणित आला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात गाठ मारलेली पिशवी.

"तुमचा साप नाय मिळाला," तो म्हणाला. "पण कणगीमागं धामण होती. ती धरली."

महिपतीनं आपली पिशवी ऋतुजाच्या मांडीवर ठेवली. तिनं उघडून बघितलं आणि रडणं थांबलं. मग पट्टी दिसली.

"आबा, ह्याला काय झालं?"

"सांगतो. आधी तुझी पिशवी दाखव रं, प्रणित."

प्रणितनं जाळीची पिशवी दिव्याकडं धरली. धामणीच्या शेपटीचं टोक तुटकं. एका वर्षी दाराच्या फटीत सापडून तुटलं होतं, ते महिपतीनंच सोडवलं होतं. आणि पोटाच्या मध्यावर एक ताजा, चांगला थोराड फुगवटा. महिपतीला तो आकार ओळखीचा वाटला.

"हीच ती," तो हळूच म्हणाला. "कुठं सोडली होतीस हिला?"

"ओढ्यापलीकडं. धरली तिथनं जवळच सोडायची असते, आबा. आताबी तिकडंच नेतो."

"जवळ म्हंजी किती जवळ? कणगीपासनं चार हात चालंल?"

"आबा," अनिता टेबलावरनंच म्हणाली, "एका घरात दोन साप? आणि ती बिनकागदाची."

महिपतीनं बंडीच्या खिशातनं चिठ्ठी काढून तिच्यापुढं धरली. "मला बारीक अक्षर दिसत नाय. तू वाच. मोठ्यानं वाच."

अनितानं चष्मा लावला. औषधांची नावं अडखळत वाचली. मग आवाज बारीक होत गेला. "घरातील उंदरांचा तातडीने बंदोबस्त करावा. तोपर्यंत हे घर सापासाठी सुरक्षित नाही."

 ऋतुजानं एकदा पट्टीकडं बघितलं, एकदा कणगीकडं, एकदा आजोबाकडं. तिला सगळं कळलं हे महिपतीलाही कळलं. तिचा राग उद्या यायचा होता. आज ती प्रणितला म्हणाली, "दादा, गाठ सोडा."

अनितानं चिठ्ठी पुन्हा उलटून बघितली. "शिक्का हाय का?"

"हाय," महिपती म्हणाला. "कागद हाय म्हंजी काय भ्या नाय. राहू दे."

प्रणितनं गाठ सोडली. धामण कुणाकडं न बघता भिंतीच्या कडेनं सरळ कणगीमागं गेली, आणि सोन्यानं ऋतुजाच्या मांडीवरच डोकं पोटाखाली घातलं. हौसा उठली आणि दुधाची दुसरी वाटी घेऊन आली.