बोटीत तिसरं कोण

इंजिनाचा पाण्यातला पंखा तिसऱ्यांदा बदलला तरी बोट एकसष्टच्या वर जाईना. भाग्येशने फोनवरचा वेगाचा आकडा पाहिला, इंजिन बंद केलं आणि धुक्यात डुलणाऱ्या त्या लालभडक बोटीत डोकं धरून बसला.

"परनदिन हाईच बोट बहात्तरवर पयनी व्हती, मामा. तुम्ही आठेच बठेल व्हतात. आते काय व्हयनं?"

भाईदासमामा मागच्या पेटीच्या झाकणावर मांडी घालून बसला होता. त्याने मफलर कानावर ओढला.

"थंडी शे," तो म्हणाला. "इंजिनले बी वाजत व्हई."

भाग्येशचं नदीकाठच्या प्रकाशा गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. बोट त्याने गुजरातेत बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून आणली होती. परदेशात बास नावाचा मासा धरायच्या स्पर्धा होतात, त्यातली ही बोट. लांबट, बुटकी, चपलेसारखी चपटी. माशापर्यंत जो आधी पोचला त्याचा मासा, म्हणून तिला भयंकर वेग. गावाने मात्र तिचं नाव 'चप्पल' ठेवलं होतं, कारण याआधी भाग्येशने आणलेला फवारणीचा ड्रोन एका निंबाच्या झाडात अडकला होता आणि अजून तिथेच होता. त्याच्या बायकोने, चेतनाने, या वेळी एकच अट घातली होती. बोट चालली तर चालली. नाही चालली, तर शहाद्याला तिच्या वडिलांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याशेजारची खुर्ची रिकामी होती. सासऱ्याच्या नजरेसमोर दिवसभर कापसाच्या गाड्या मोजायच्या, या विचाराने भाग्येशची झोप उडाली होती.

सोमवारी तहसीलचे साहेब बोट बघायला येणार होते. पावसाळ्यात पुरातून माणसं काढायला घाटावर एक बोट ठेवायची होती. भाग्येशने कोणी न विचारता त्यांना सांगून टाकलं होतं, की आपली बोट सत्तरच्या वर पळते.

म्हणून तो चाचणी शिस्तीत घेत होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेट्रोल तेवढंच, वजन तेवढंच. एकदा धारेबरोबर पळवायची, एकदा धारेविरुद्ध. वजन तेवढंच राहावं म्हणून मामा. एस.टी.तून निवृत्त झालेला ड्रायव्हर. बसवला तिथून हलत नसे.

त्या सकाळी भाग्येशने पंखे बदलून पाहिले. एका फेऱ्यात पाण्यात कमी पुढे घुसणारा, मग जास्त घुसणारा, मग चार पात्यांचा. इंजिनाचे बोल्ट काढून ते एक भोक वर बसवलं. त्याचा कोन बदलून बोटीचं नाक वर काढायचा प्रयत्न केला. नाक वर येईना. शेपूट जडच्या जड. शेवटी वैतागून त्याने मामाला घाटावर उतरवलं आणि एकटाच निघाला.

बोट बहात्तरवर गेली.

आनंदाने ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. परवा बोटीत तो आणि मामा असताना बहात्तर आले होते. आज तो एकटा असताना बहात्तर. म्हणजे मामा उतरला तरी बोटीत दोघं होते.

तो संगमापर्यंत आला होता. धुकं इतकं दाट, की घाट दिसत नव्हता, देवळांचे कळस दिसत नव्हते. खालच्या बंधाऱ्यामुळे तुंबलेलं पाणी तेलासारखं स्थिर होतं. त्याने इंजिन बंद केलं. आणि मागच्या पेटीतून आवाज आला.

ठक.

इंजिन गार होताना वाजतं, असं त्याने स्वतःला समजावलं. पण इंजिन बोटीच्या बाहेर होतं, आवाज आतून आला होता.

"कोन शे?" त्याने हळूच विचारलं.

ठक, ठक.

परत येताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. घाटाला बोट इतक्या जोरात लागली, की मामाला पायरीवरून उठावं लागलं. भाग्येशने जे घडलं ते सांगितलं आणि म्हणाला, "तुम्ही संगे ऱ्हा. मी पेटी उघाडस."

मामाचा चेहरा उतरला. "उघाडू नको."

"का बरं?"

मामाने मफलर पुन्हा कानावर ओढला. मग म्हणाला, "तठे कोनीतरी बठेल शे. बठेल मानूसले उठाडानं नही, भाऊ."

"कोन बठेल शे?"

"आते ते मी कसं सांगू? संगम शे. कोठून कोठून लोके येतस, अस्थी सोडतस. एखादाले जानं नसी."

मामा हे इतक्या खालच्या आवाजात बोलला, की भाग्येशच्या अंगावर काटा आला. त्याने पेटीच्या दिशेने हात जोडले आणि दोघे मुकाट घरी आले.

चेतनाने सगळं ऐकून घेतलं. "त्याले इचारा," ती म्हणाली, "सोमवार लगून उतरी जाशी का. नहीते मी बाबाले फोन करस."

पण मामाची बायको, निर्मलामामी, हसली नाही. तिने ताट खाली ठेवलं.

"वजन कितलं पडस त्यानं?"

"मामाइतलंच, मामी."

मामीने जे सांगितलं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. मामाची आई, कौसाबाई, गेल्या थंडीत वारली. शेवटच्या दिवसांत म्हातारीने मरळीचा रस्सा मागितला होता. मामीच्या गळ्यात तुळशीची माळ, तिच्या आग्रहाने मामाच्याही. माळकऱ्याच्या घरात मासा शिजत नाही, म्हणून मामीने वरण दिलं. म्हातारीने ते भिंतीकडे तोंड करून खाल्लं. तिची रक्षा याच संगमात सोडली होती.

"आजी जातांना नुसता हाडकाच उरेल व्हत्यात," भाग्येश म्हणाला. "त्यासनं इतलं वजन कसं राही?"

"मनमा ऱ्हायेल गोट जड ऱ्हास," मामी म्हणाली. "मी रईवारले रनाळे जात नही. भाऊले सांगी देस. रईवारले घाटवर निवदनं पान दाखाडसू."

हे ऐकून सगळ्यात जास्त हादरला तो मामा. आणि त्याचं कारण आता सांगून टाकायला हवं.

पेटीत मासा होता. परवाची चाचणी झाल्यावर मामाने पलीकडच्या काठावर मासे धरणाऱ्या डोंगरसिंगकडून एक जिवंत मरळ घेतली होती. माळ घातल्यापासून त्याने माशाला हात लावला नव्हता. पण रविवारी निर्मलाबाई भावाकडे रनाळ्याला जाणार होती आणि डोंगरसिंगच्या चुलीवर रस्सा करायचं ठरलं होतं. तोपर्यंत मासा जिवंत ठेवायला या बोटीइतकी चांगली जागा नव्हती. ती पेटी म्हणजे धरलेले मासे जिवंत ठेवायची टाकीच होती. शेजारचं बटण दाबलं की पंप नदीचं पाणी आत ओढायचा. मामाने बटण दाबलं, त्यावर फडकं टाकलं आणि झाकणावर बसून राहिला. टाकीत एका माणसाएवढं पाणी भरतं, आणि तेच वजन बोटीचं शेपूट खाली दाबतंय, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. भाग्येशला ती पेटी अवजारांची वाटत होती.

आता मासा हळूच काढून टाकावा म्हणून मामा शनिवारी दोनदा घाटावर गेला. एकदा बोटीजवळ मामी उदबत्ती लावत होती. दुसऱ्यांदा भाग्येश लांबून हात जोडून बसला होता. तिथे टाकी उघडणं शक्य नव्हतं.

रविवारी सकाळी धुकं आणखी खाली उतरलं होतं. घरात मासा शिजवायचा नाही, म्हणून मामीने घाटाच्या कडेलाच तीन दगड मांडले. डोंगरसिंगच्या बायकोकडून, मोतीबाईकडून, भांडं आणि मासा आणला. काळ्या मसाल्याचा वास धुक्यात अडकून तिथेच घुटमळत राहिला. मामा पायरीवर बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आईसाठी की रश्शासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मामीने पान वाढलं, बोटीत चढली आणि ते पेटीच्या शेजारी ठेवलं. मग पदर डोक्यावर घेऊन खाली बसली. कोणी हललं नाही. पाण्याचाही आवाज नव्हता.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "चुकनं मन्हं. माळ मन्ही व्हती, जीभ तुमनी व्हती. आते पोटभर जेवी ल्या आनि उतरी जा. पोऱ्यानं काम अटकी ऱ्हायनं."

आत सगळं शांत होतं. मग झाकण थरथरलं. ठक. ठक ठक. चेतनाने, जिचा या कशावर विश्वास नव्हता, भाग्येशचा दंड धरला.

"त्या हो म्हनतस," मामी म्हणाली. "उघाड, भाग्येश."

मामा उठून काही बोलणार, तोवर भाग्येशने डोळे मिटून कडी ओढली आणि झाकण वर केलं. पाणी काठोकाठ भरलेलं होतं. त्यातून एक दंडाएवढी जाड, काळी मरळ उसळली आणि थेट पानात येऊन पडली. भात उडाला, रस्सा भाग्येशच्या शर्टावर गेला.

मामाने निःश्वास सोडला. आता शिव्या बसतील आणि संपेल, असं त्याला वाटलं. पण कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे टाकीत बघत होते. तो पुढे झाला आणि त्यानेही पाहिलं.

टाकीत आणखी एक मासा होता. लांबट, हाडकुळा, राखेच्या रंगाचा. तो उसळला नाही, पळाला नाही. काठाशी येऊन, तोंड वर करून, मामीकडे बघत थांबला होता.

मामीने त्याला ओंजळीत घेतलं. तो शांत राहिला. तिने बोटाने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओंजळ पाण्यात बुडवली. मासा घाई न करता निघून गेला. जाड मरळ मामाला स्वतःच्या हाताने सोडावी लागली. तिला मात्र घाई होती. तिच्यामागून पानही नदीत गेलं, आणि उरलेला रस्साही. मामा भांडं रिकामं होईपर्यंत बघत उभा राहिला.

भाग्येशच्या डोक्यात तोवर वेगळाच उजेड पडला होता. "पानी," तो म्हणाला. "हाई टाकी शे. इतलं पानी लिसन मी पंखा बदली ऱ्हायंतू." फडकं सरकलं होतं, त्याखाली बटणाचा दिवा जळत होता. त्याने बटण बंद केलं, टाकी रिकामी केली. मासे कुठून आले, ते त्याने विचारलं नाही. पंपाने ओढले असतील, असं तो म्हणाला. मामीलाही विचारायची गरज वाटली नाही. मामा तर विचारणार नव्हताच.

सोमवारी साहेब आले. मामा त्याच झाकणावर बसला, साहेब पुढे. वजन पुढे-मागे सारखं वाटलं गेलं आणि बोट त्र्याहत्तरवर गेली. साहेबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली आणि उतरल्यावर थोडा वेळ पायरीवर बसून घेतलं. मग म्हणाले, "पुरात एवढी पळवायची गरज नाही. पण असू द्या." बोट घाटावर राहणार, हे ठरलं. चेतनाने वडिलांना फोन लावला आणि काट्याशेजारच्या खुर्चीवर दुसरं कोणी बघा म्हणून सांगितलं.

मामा मात्र दुपारीच पलीकडच्या काठावर गेला. डोंगरसिंग जाळं विणत होता.

"तू टाकीमा आखो एक मासा टाकेल व्हता का?"

"नही. एकच दिधा व्हता तुले, बाबा. दुसरा कशाले टाकसू?"

परत आल्यावर मामा गुडघाभर पाण्यात उतरला आणि बोटीखाली पंपाचं तोंड चाचपलं. तिथे जाळी होती. करंगळी आत जात नव्हती. तो तसाच उभा राहिला, पाय बधिर होईपर्यंत.

संध्याकाळी निर्मलाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. मामा पाटावर बसला. एवढी वर्षं संसार झाला होता, पण असं घसा खाकरून बोलायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"तो टाकीमाधला मासा," तो म्हणाला. "तो मी ठेयेल व्हता. खावाकरता."

मामीचा हात थांबला नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"माले ठावकं शे," ती म्हणाली. "मोतीबाईनीच सांगं, भांडं लेवाले गऊ तवय."

"मंग पान का बरं दाखाडं?"

"ते तुमनाकरता नव्हतं."

भाकरी फुगली, तिने ती उलटली.

"पन मी एकच ठेयेल व्हता," तो म्हणाला. "डोंगरसिंगले बी इचारं. जाळीमाईन करंगळी जात नही."

मामीने मान वर केली. "कोनता तुमना?"

"मोठा. काया. पानवर पडना तो."

"मंग बरोबर शे," ती म्हणाली आणि भाकरी त्याच्या ताटात वाढली. "आत्याबाई बारीकच व्हत्यात. जेवा आते."

मामाने ताट पुढे ओढलं. आत वरण होतं. घास उचलण्याआधी तो जरा सरकला, आणि पाटावर आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा करून मग जेवायला लागला.