पायरुव्हेटचा जादा घास

पेशी कशा वाढवाव्यात हे मला कुणी शिकवायला येऊ नये. आमच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या बशांमध्ये पेशी वाढवतात, आणि त्या वाढवते मी. बाकीचे नंतर येऊन त्यांच्यावर प्रयोग करतात, म्हणजे छळ करतात. डोळ्यांत तेल घालून सांभाळायचं मी आणि शोधनिबंधावर नाव त्यांचं. असू दे. पण माझ्या देखरेखीखाली एकही पेशी उपाशी राहणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

म्हणून सरांनी नवं मीडियम मागवलं तेव्हा माझं टाळकंच सरकलं. मीडियम म्हणजे पेशींचं जेवण, दिसायला लालसर सरबत. जुन्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि वर सोडियम पायरुव्हेट असायचं. पायरुव्हेट म्हणजे पेशींसाठी अर्धीअधिक पचवून ठेवलेली साखर. अशक्त पेशीला त्याने चटकन ताकद येते. नव्या बाटलीत नेमकं तेच गायब.

"सर, यात पायरुव्हेट नाही," मी म्हणाले.

"माहितेय. वरून काही घालू नका, काकू."

"का पण?"

"ज्या शोधनिबंधावरून प्रयोग घेतलाय, त्यात असंच आहे."

"त्यात तरी असं का आहे?"

सरांनी खिशातून फोन काढला आणि न वाजलेला फोन घेतला. मी समजायचं ते समजले.

दोन-तीन दिवसांत पेशी मलूल झाल्या. आता पेशीला चेहरा नसतो, मान्य. पण असता तर उतरलेला दिसला असता. फ्रीजमध्ये पायरुव्हेटची बाटली होतीच. मी नव्या मीडियमच्या प्रत्येक बाटलीत नेहमीचा डोस घातला आणि कुणालाही सांगितलं नाही. भुकेल्याला वाढायला परवानगी लागत नाही. पेशी लगेच तरारल्या.

तेवढ्यात आली टिटवी. टिटवी म्हणजे आमच्याकडे पीएच.डी. करणारी पोरगी. काटकुळी, आणि सदा काळजीत. तिने एक औषध शोधलं होतं आणि ते पेशींना विषापासून वाचवतं असं तिचं म्हणणं. विष म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येऊन तेच बघणार होते. जमलं तर डॉक्टरेट, नाही तर इतकी वर्षं पाण्यात. हिशोब साधा होता. सगळ्या बशांत विष घालायचं. औषधवाल्या पेशी जगायच्या, बिनऔषधाच्या मरायच्या.

झालं काय, सगळ्याच जगल्या.

"काकू, औषध दिलं नाही त्यासुद्धा मजेत आहेत हो," टिटवीचा आवाज रडवेला झाला.

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं? कुणी मेलंच नाही तर माझ्या औषधाने वाचवलं कुणाला?"

तिने विष वाढवलं. पेशी ढिम्म. आणखी वाढवलं. पेशी जणू वाफाळता चहा प्याल्यासारख्या ताज्यातवान्या. मी मनातून खूश, पण पोरगी मायक्रोस्कोपवर डोकं टेकून मुसमुसत होती, त्यामुळे तोंड पाडून उभी राहिले.

सर धावत आले. "विष शिळं असणार," त्यांनी निदान केलं. स्टोअरकीपरला बोलावून त्याची हजेरी घेतली. तो बिचारा म्हणाला, "बाटली कालच फोडलीय, सर." मग सरांनी स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. आपल्या निळ्या रुमालावर बाटलीतलं थोडं ओतलं. रुमाल पांढरा पडायला लागला. विष अस्सल होतं. या आनंदात सरांनी त्याच रुमालाने घाम पुसला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची अर्धी मिशी भुरी झाली.

पण सरांचं मिशीकडे लक्ष नव्हतं. "विष खरं, तरी पेशी जिवंत! म्हणजे या पेशीच अलौकिक आहेत." त्यांनी तिथल्या तिथे पेशींचं 'अजिंक्य' असं बारसं केलं आणि परीक्षकांना फोन लावला. औषध राहू द्या म्हणाले, शुक्रवारी याहून मोठं काही दाखवतो.

टिटवी खुर्चीत मटकन बसली.

घरी मी नवऱ्याला अजिंक्य पेशींची कहाणी सांगितली. ते रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. भाजी चिरता चिरता थांबले.

"विष कुठलं म्हणालीस?"

"पेरॉक्साइड."

"आणि तू खायला काय घालतेस?"

"पायरुव्हेट. का?"

ते इतके हसले की सुरी खाली ठेवावी लागली. "अगं, ती दोघं भेटली की एकमेकांना संपवतात. विष तुझ्या पेशींपर्यंत पोचतच नाही. तुझ्या पायरुव्हेटने त्याला वाटेतच गाठलंय."

मला हसू आलं नाही. पोरीचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

सकाळी सरळ सरांच्या खोलीत गेले. "सर, पेशी अजिंक्य वगैरे काही नाहीत. मी पायरुव्हेट घातलंय."

"मी नको म्हणालो होतो ना?"

"का नको, ते तुम्हाला तरी ठाऊक होतं का?"

सरांचा हात भुऱ्या मिशीवर गेला.

"मी माफी मागणार नाही," मी बजावलं. "पायरुव्हेटने पेरॉक्साइड संपतं हे मला सांगितलं असतंत, तर मीच थांबले असते. आता बाजूला व्हा, पोरीसाठी नव्या बशा लावायच्यात."

लावल्या. बिनपायरुव्हेटच्या. त्या मीडियमची बाटली उघडताना पेशींची तेवढी मनातल्या मनात माफी मागितली.

शुक्रवारी परीक्षक मायक्रोस्कोपवर वाकले. औषधवाल्या पेशी जिवंत होत्या. बिनऔषधाच्या झाडून सगळ्या गेल्या होत्या. टिटवी रडत रडत माझ्या गळ्यात पडली. परीक्षकांनी तिचं अभिनंदन केलं, मग सरांना विचारलं, या बशा कुणी तयार केल्या?

सरांनी माझ्याकडे बोट केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, चार लोकांसमोर, माझं कौतुक केलं.

"वा काकू, काय सुरेख मेल्यात हो सगळ्या."