उपनियंत्रक, महिला व बालक

शारदाबाईंनी मला वेळीच सावध केलं होतं. त्या आमच्या जालहळ्ळीच्या घराच्या मालकीणबाई. त्यांचं कुटुंब तीन पिढ्यांपासून बंगलोरात. चिकपेटेत कापडाचं दुकान. मी कुठल्याशा कमिटीवर जातेय हे कळल्यावर भाजी निवडता निवडता आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "स्वल्प ऐक ग वीणा. निवडून आलेला माणूस कधीतरी पडतो. आपणच येऊन बसलेला पडत नाही. त्याच्या बाजूला बसू नको, सरी?"

मी हसले. मी बी.एस्सी. झालेली, आणि ही कमिटी तर कॉम्प्युटरवरची होती.

सन १९९८ मध्ये बंगलोरातल्या मराठी कुटुंबांसाठी ई-मंडळ स्थापन झालं. म्हणजे श्री. बिंदुमाधव यांनी एका संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर एक फॉर्म भरला, त्यात स्वतःला नियंत्रक नेमलं आणि नेमणूक स्वीकारली. विरोधात एकही मत पडलं नाही. सभासदाने पत्र पाठवायचं, नियंत्रकांनी वाचायचं, आणि योग्य वाटल्यास ते सगळ्या दोनशे चौदा घरांत जायचं. काम वाढलं तेव्हा त्यांनी श्री. रघुपती यांना सहनियंत्रक केलं. रघुपतींची पात्रता अशी, की ते बिंदुमाधवांच्याच बसने कारखान्यात जात.

माझं पहिलं पत्र एका ओळीचं होतं. माझी मुलगी केतकी तेव्हा आठ महिन्यांची, हिरड्या सुजलेल्या, अंगात कसर. "जालहळ्ळीत लहान मुलांचा चांगला डॉक्टर कोण?" पाच दिवसांनी पत्र परत आलं. शेरा : "अभिवादन नाही (नियम ४). 'चांगला' हे मत आहे, माहिती नव्हे (नियम ६)." तोपर्यंत दात वर आला होता. मी रीतसर तक्रार केली. तक्रारीची गंभीर दखल घेऊन बिंदुमाधवांनी मला उपनियंत्रक, महिला व बालक, हे पद दिलं. त्यानंतर मी तक्रार केली नाही.

पद मिळाल्यावर कळलं, की नियम सगळ्यांना सारखे असले तरी सगळे नियमांना सारखे नसतात. जाहिरातीला सक्त बंदी होती. बिंदुमाधवांच्या साडूच्या हापूस पेट्यांबद्दलचं पत्र मात्र 'सांस्कृतिक सूचना' म्हणून चैत्रात चार वेळा गेलं. वैयक्तिक मजकुराला बंदी होती. रघुपतींच्या मुलाच्या मुंजीचं वर्णन, घेऱ्यासकट, तीन भागांत गेलं. मी विचारलं तेव्हा बिंदुमाधव म्हणाले, "वीणाताई, नियम सभासदांसाठी असतात. आपण सभासद आहोत का?"

मलाही एक नियम सुचला. मी जरा काळजी करणारी आहे. दाराची कडी दोनदा बघते, दूधवाल्याचं पूर्ण नाव लिहून ठेवते. पत्रांत बायका आपला पत्ता आणि फोन नंबर बिनदिक्कत लिहीत. कोण वाचतंय कुणाला ठाऊक. म्हणून माझ्या सूचनेवरून नियम ११ झाला : कोणत्याही महिलेचं नाव, पत्ता, फोन पत्रातून काढूनच पत्र पुढे पाठवावं, आणि मूळ पत्र त्याच दिवशी नष्ट करावं. सर्वांनी कौतुक केलं. माझं नाव प्रत्येक पत्राच्या तळाशी येऊ लागलं. माझ्या नवऱ्याने, हरीने, ते त्याच्या आईला फोनवर वाचून दाखवलं.

मग एका मंगळवारी सुलभाचं पत्र आलं.

"मी सुलभा. इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ राहते, दुसऱ्या मजल्यावर, खाली बेकरी आहे. बाळ दोन महिन्यांचं. नवरा कंपनीच्या कामाला अमेरिकेत. आई गेल्या आठवड्यात परत गेली. चार दिवस झोपले नाही. बाळ रडलं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेते. मला माझीच भीती वाटते. कुणी मराठी बाई जवळ राहत असेल तर थोडा वेळ येऊन बसेल का?" खाली फोन नंबर.

मी बिंदुमाधवांना फोन केला.

"विषयाच्या ओळीत काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"'येता का'."

"हा विषय झाला का, वीणाताई? उद्या कुणीही म्हणेल येता का."

"तिला भीती वाटतेय म्हणते."

"कुणाची?"

"स्वतःची."

"मग यात मंडळ कुठे येतं?" मग ते मवाळ झाले. "आपण निर्दय नाही. सर्वांना उपयोगी होईल असं करून घ्या."

मी करून घेतलं. नाव काढलं, बेकरी काढली, फोन नंबर काढला, मूळ पत्र नष्ट केलं. बुधवारी सकाळी दोनशे चौदा घरांत पत्र गेलं : "नमस्कार. नवमातांनी वेळेचं नियोजन कसं करावं? – एक सदस्या."

चर्चा अभूतपूर्व झाली. एक्केचाळीस उत्तरं. डिंकाचे लाडू, धुरी, बाळंतिणीने कान बांधावेत की नाही, आमच्या वेळी पाच-पाच मुलं होती आणि कुणी नियोजन विचारलं नाही. एका गृहस्थांनी तक्ता करून पाठवला, त्यात आईसाठी दुपारी वीस मिनिटं मोकळी होती. बिंदुमाधवांनी त्या चर्चेला 'महिन्याची उत्कृष्ट चर्चा' जाहीर केलं. ही सदस्या कोण आणि कुठे आहे, हे एकानेही विचारलं नाही.

शुक्रवारी तिचं दुसरं पत्र आलं. ते रघुपतींनी उघडलं. "हे मी लिहिलं नव्हतं. कुणी येणार आहे का?" नियंत्रकांच्या संपादनावर जाहीर नाराजी म्हणजे शिस्तभंग, पंधरा दिवस निलंबन. विषय महिला व बालकांचा असल्याने माझी संमती हवी होती.

"तुमचं काय मत, वीणाताई?" रघुपतींनी विचारलं.

मत दोन विरुद्ध एकच झालं असतं. त्यापेक्षा एकमत दिसायला बरं. मी हो म्हटलं.

शनिवारी केतकीला न्हाऊ घालताना ती पाणी तोंडावर आलं म्हणून जोरात रडली, आणि मला त्या पत्रातली दुसरी खोली आठवली. मी तशीच ओल्या हातांनी कॉम्प्युटरपाशी बसले आणि मंडळाला लिहिलं, की इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ सुलभा नावाची बाई एकटी आहे, कुणीतरी जा. पत्र रोखलं गेलं : नाव व ठिकाणाचा उल्लेख, नियम ११. तिची दोन्ही पत्रं नियमाप्रमाणे नष्ट झालेली, म्हणून मी बिंदुमाधवांकडे तिचा ई-मेल पत्ता मागितला. ते म्हणाले, निलंबित सभासदांची नोंद लगेच काढून टाकतो, यादी अद्ययावत असावी म्हणून. "आणि हे बघा, नियम तुमचा आहे. अपवाद केला तर अपमान तुमचाच होईल." मी राजीनामा पाठवला. त्यात अभिवादन नसल्याने तो विचाराधीन आहे. प्रत्येक पत्राखाली अजून माझं नाव येतं.

मी केतकीला घेऊन दोन बस बदलून गेले. दोनदा गेले. त्या रस्त्यावर बेकऱ्या बऱ्याच आहेत आणि त्यांच्यावर माणसं राहतात. एका इमारतीच्या वॉचमनने हिंदीत विचारलं, "आडनाव काय? साहेब कुठल्या कंपनीत?" मला दोन्ही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मग मॅडम, तुम्ही तिच्या कोण?" मी पद सांगितलं. त्याने गेट बंद केलं.

चार बेकऱ्यांवरचे जिने मी चढले. आणखी असतील. परतताना केतकी उन्हाने मलूल झाली आणि मी बसमध्ये चढले, हेही लिहून ठेवते.

तुम्ही इथवर वाचलंत. मंडळाला हसलात, ते ठीकच. पण तिचं पत्र वाचताना तुमच्या मनात डिंकाचे लाडू आले का? तिच्या आईने थांबायला हवं होतं, नवऱ्याने जायला नको होतं, असं काही आलं का? मग तुमचं ते बेचाळिसावं उत्तर. आता त्याऐवजी एवढं करा. होसूर रोडने त्या बाजूला जात असाल, तर बेकरी दिसली की वर बघा. गॅलरीत दुपटी वाळत असतील तर दुसऱ्या मजल्यावर जा. कुणाचं नाव लिहिलेलं नसेल, तरी दार वाजवा. आतून बाळाचा आवाज येत असेल आणि कुणी येत नसेल, तर आणखी एकदा वाजवा. उघडलंच, तर काही सांगू नका. नाव विचारा, आणि आत जाऊन बसा.